गडग्यावरचे शेवाळ आणि गडग्याआडची काजी

सिंधुदुर्गातल्या बांदा परिसरात परड्याची किंवा बागेची हद्द दाखवण्यासाठी जांभ्याच्या चिऱ्याचे आणि काळ्या दगडाचे तुकडे एकावर एक रचून जो बुटका बांध घालतात, त्याला गडगा म्हणतात. मृगाच्या सरी पडल्या की या गडग्याच्या अंगावर हिरवे शेवाळ उठून दिसू लागते. गडग्याच्या आत बहुधा काजूची झाडे असतात. मालवणी बोलीत त्यांना काजी म्हणतात. दोन्ही वनस्पती एकाच जांभ्यावर जगतात. शेवाळाला मूळच नाही. काजीचे सोटमूळ जांभ्याच्या भेगा शोधत खोल उतरते. शेवाळ या दगडावर कोणी गाव वसवण्याच्या आधीपासून आहे, काजी मात्र गेल्या साडेचार शतकांतली पाहुणी. तरीही कोकणातल्या कलमांच्या धंद्यात एक काळ असा आला की, बिनमुळाच्या शेवाळाच्या कुशीत काजीला मुळे फुटवली जाऊ लागली.

शेवाळ या शब्दाचा आधी उलगडा केला पाहिजे. रोजच्या मराठीत विहिरीच्या पाण्यावर तरंगणारा हिरवा थर आणि भिंतीवरचा मखमली थर या दोहोंना शेवाळच म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत पहिल्याला शैवल आणि दुसऱ्याला हरिता अशी नावे आहेत. रोपवाटिकेत मात्र दुसऱ्याला सरळ मॉस म्हणतात. येथे शेवाळ म्हणजे ही हरिता, मॉस.

चिऱ्याच्या भिंतींवर, पायऱ्यांवर आणि विहिरीच्या काठांवर आढळणाऱ्या शेवाळांत हायोफिला इन्व्होल्युटा ही जात उष्ण प्रदेशात सर्वत्र पसरलेली आहे. तिचे एक रोप उभे धरले तर जेमतेम एक सेंटिमीटर भरते. मधली शीर सोडली तर पान एकाच पेशीच्या जाडीचे असते. त्यावर ना मेणाचा जाड थर, ना आत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. खाली असतात ते तपकिरी केसांसारखे मूलाभ. ते रोपाला दगडाला धरून ठेवतात. पाणी मात्र रोप सगळ्या अंगानेच शोषते. ऊन तापले की पानांच्या कडा आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात. जातीच्या नावातील 'इन्व्होल्युटा' या लॅटिन शब्दाचा अर्थच आत वळलेली. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गडग्यावर दिसतो तो काळपट, करपल्यासारखा पापुद्रा मेलेला नसतो. त्यावर ओंजळभर पाणी शिंपडले तर पाहता पाहता पाने उलगडतात आणि दगड हिरवा होतो. सात-आठ महिने कोरडे राहून पुन्हा कामाला लागण्याची ही ताकद काजीच्या पानात नाही. काजीचे पान एकदा वाळले की गळते.

जांभा या वनस्पतीला मानवतो, कारण तो सच्छिद्र आहे. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि वाऱ्यावर कठीण होणारा हा दगड विटांसारखा कापता येतो. म्हणूनच फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिले. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि चिरा ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवतो. हायोफिलाला चुन्याचीही आवड आहे. त्यामुळे जुन्या चुनेगच्ची बांधकामात चिऱ्याच्या तोंडापेक्षा दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात ती जास्त दाट उगवते. भिंतीवर हिरव्या रेघांची चौकट उमटते, आणि ती पाहून चिरा कोणत्या मापाचा वापरला होता हे लांबूनही सांगता येते.

अशा भिंती बांद्यात फार पूर्वीपासून आहेत. तेरेखोल नदीच्या काठचे हे गाव मध्ययुगात खाडीमार्गे समुद्राशी जोडलेले बंदर होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्याची नोंद करणाऱ्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने येथील हिंदू-मुसलमान व्यापाऱ्यांचा आणि मलबारशी चालणाऱ्या व्यापाराचा उल्लेख केला आहे. विजापूरच्या अमलात बांदा हे महालाचे ठाणे होते आणि त्याला आदिलाबाद असेही नाव होते. रेडेघुमट ही त्या काळची वास्तू आजही गावात उभी आहे. पुढे सावंतवाडी संस्थानचा अंमल आला आणि बंदराचे महत्त्व सरले. बाजारपेठ राहिली. पावसाळ्यात नदी फुगली की तिचे पाणी आजही या पेठेत शिरते. राजवटी बदलत गेल्या, पण भिंतींवरच्या शेवाळात फरक पडला नाही. ते कोणी लावले नाही, कोणी विकले नाही, म्हणून कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही. चतुर्थीच्या आधी पायऱ्या आणि तुळशीवृंदावन खरवडून काढण्याचे काम एवढाच त्याचा घरच्या व्यवहारात उल्लेख येतो.

काजीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या येण्याच्या काळाचा बराच नेमका अंदाज करता येतो. तिचे मूळ घर ईशान्य ब्राझील. तेथील तुपी भाषेतल्या 'अकाजू'चा पोर्तुगीज 'काजू' झाला आणि तोच शब्द मराठीत कायम राहिला. पोर्तुगीज 1500 साली ब्राझीलला पोचले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला. 1563 साली गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात बिब्ब्याची माहिती आहे, काजूची नाही. 1578 मध्ये ख्रिस्तोव्हाव द कोस्ताचा ग्रंथ निघाला, त्यात मात्र कोचीनच्या बागेतील काजूचे वर्णन आहे. म्हणजे या पंधरा-वीस वर्षांत झाड पश्चिम किनाऱ्यावर लोकांच्या नजरेत भरण्याइतके वाढले असले पाहिजे. डोंगरउतारावरची माती धरून ठेवण्यासाठी पोर्तुगिजांनी ते लावले असे बहुतेक लेखक सांगतात. बी खाण्यासाठी व्यापार करावा हा विचार फार पुढचा आहे.

पोर्तुगिजांनी आणलेले झाड कोकणी माणसाला अगदीच परके वाटले नसावे, आणि त्याचे कारण बिब्बा हे आहे. बिब्बा आणि काजू दोन्ही आंब्याच्या कुळातले. बिब्ब्यालाही खाली मांसल बोंड, त्याच्या टोकाला काळे कठीण फळ, त्याच्या सालीत कातडी भाजणारे तेल आणि आत गोड गोडंबी असते. कपड्यावर खूण करण्यापासून औषधापर्यंत बिब्ब्याचा वापर येथे पिढ्यान्‌पिढ्या होत होता. टरफलातल्या तेलाने हात सोलवटतात, पण बी भाजून फोडली तर आतला गर खाता येतो, ही रीत त्यामुळे नव्याने शोधावी लागली नाही. युरोपातील औषधविक्रेते बिब्ब्याला ॲनाकार्डियम म्हणत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हेच नाव काजूला दिले आणि पश्चिमेकडचा म्हणून पुढे ऑक्सिडेंटेल हे विशेषण जोडले. बिब्ब्याच्या वाट्याला ते नाव जातीपुरतेच उरले.

गोव्याच्या जुन्या तालुक्यांतून काजी उत्तरेकडे सरकली ती माणसाच्या योजनेने कमी आणि जनावरांच्या तोंडून जास्त. माकडे, वटवाघळे आणि गुरे काजीचे रसाळ बोंडू खातात आणि बी टाकून देतात. बांद्याला लागून असलेला पेडणे महाल 1788 साली पोर्तुगिजांकडे गेला आणि सरहद्द गावाच्या अंगणाशी आली. झाडाने ती हद्द मानली नाही. धंद्याला मात्र मानावी लागली. पलीकडे बोंडूचा रस आंबवून हुर्राक आणि फेणी गाळण्याची रीत रुजली, आणि 2009 साली फेणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. सरहद्दीच्या अलीकडे मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्यामुळे सिंधुदुर्गात काजू म्हणजे बी असेच समीकरण झाले आणि बोंडू बागेतच कुजत राहिले. एकाच झाडाचे हे दोन अर्थ सरहद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या दोन बाजूंना आजही पाहायला मिळतात. बोंडू वाया जाणे ही या भागाची खरोखर मोठी हानी आहे.

काजी मार्गशीर्ष-पौषात मोहोरते. मोहोराच्या झुबक्यात शेकडो बारीक फुले असतात. पाकळ्या आधी फिकट असतात आणि त्यांवर गुलाबी रेघा असतात, उमलल्यावर रंग गडद होतो. बहुतेक फुले केवळ नर असतात. ज्यांत नर-मादी दोन्ही अंगे आहेत अशी थोडी, आणि त्यांतलीही थोडीच फळ धरतात. फळ धरल्यावर आधी बी वाढते. हिरवी, मूत्रपिंडाच्या आकाराची बी पूर्ण मोठी होते तोवर तिचा देठ काडीसारखाच असतो. मग बी किंचित आकसून कठीण होते आणि देठ फुगू लागतो. लाल किंवा पिवळा रसाळ बोंडू म्हणजे हा फुगलेला देठ. खरे फळ ही खाली लोंबणारी बीच. फुलापासून पक्व बीपर्यंत साधारण दोन महिने लागतात. या काळात कोरडी हवा हवी असते. ढगाळ हवा आली, अवकाळी पाऊस पडला, तर मोहोर काळा पडतो आणि ढेकण्या नावाचा रसशोषक कीटक उरलेले संपवतो.

शेवाळाला नेमके याच्या उलट लागते. त्याच्या नर रोपावरची शुक्राणू-पेशी मादी रोपापर्यंत पोचते ती पाण्याच्या पातळ थरातून पोहत. पाऊस नसेल तर मीलन नाही. मीलनानंतर मादी रोपाच्या माथ्यावरच एक बारीक दांडी वर येते, तिच्या टोकाला एक डबी धरते आणि डबीतून धुळीसारखे बीजाणू उडतात. दांडी आणि डबी हिरव्या रोपावरच पोसली जाते. तिला वेगळे आयुष्य नाही.

या दोन जीवनक्रमांचे नाते कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. योहान हेडविग या जर्मन वैद्याने 1782 मध्ये शेवाळाची नर-मादी अंगे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली. शेवाळांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभही त्याच्याच 1801 च्या ग्रंथापासून धरतात, तर सपुष्प वनस्पतींचा लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून. 1851 साली लाइपझिगच्या विल्हेल्म होफमायस्टरने शेवाळ, नेचे आणि बीज असलेली झाडे यांचे जीवनक्रम शेजारी शेजारी मांडले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, पुस्तकविक्रीच्या घरच्या धंद्यात होता आणि वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकलेला होता. त्याने दाखवलेली गोष्ट अशी की, यांतल्या प्रत्येक वनस्पतीत दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक पिढी बीजाणू बनवते, दुसरी नर-मादी पेशी बनवते. शेवाळात दुसरी पिढी मोठी: गडग्यावरचा सगळा हिरवा गालिचा हीच पिढी, आणि पहिली म्हणजे केवळ ती दांडी व डबी. काजीत पहिली पिढी मोठी: खोड, फांद्या, पाने, मोहोर सगळे तिचेच. दुसरी पिढी दोन-तीन पेशींच्या परागकणात आणि बीजांडातल्या सात पेशींच्या कोशात आक्रसली आहे. म्हणजे वंशावळीच्या हिशोबाने दहा मीटर उंचीची काजी ही शेवाळाच्या त्या नखाएवढ्या दांडीच्या जागी उभी आहे, आणि शेवाळाचा गालिचा काजीच्या एका परागकणात मावला आहे. दोन वनस्पतींच्या तुलनेत याहून अधिक थक्क करणारे काही नाही.

मीलनाशिवाय वाढण्याचीही सोय हायोफिलाकडे आहे. तिच्या पानांच्या बेचक्यात चांदणीच्या आकाराच्या सूक्ष्म कळ्या धरतात. पावसाचे थेंब त्या उडवतात, पाणी वाहून नेते आणि जेथे कळी टेकते तेथे हुबेहूब आईसारखे नवे रोप उठते. हेच काम काजीत आपोआप होत नाही. काजूच्या बीपासून आलेले झाड आईसारखे निघेल याचा भरवसा नसतो, कारण परागण बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाकडून होते. एका परड्यातल्या दहा काजींना दहा प्रकारचे बोंडू आणि दहा मापांच्या बिया असतात. घरी भाजून खायला हे चालते. किलोच्या भावाने विकायला चालत नाही.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे काम वेंगुर्ल्यात झाले. तेथे 1957 साली फळ संशोधन केंद्र सुरू झाले आणि 1972 मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते विद्यापीठाकडे आले. आसपासच्या गावांतल्या चांगल्या झाडांची निवड हा कामाचा पाया होता. अणसूर आणि वेतोरे या वेंगुर्ले तालुक्यातल्या गावांची नावे संशोधनाच्या दप्तरात झाडांची नावे म्हणून नोंदली गेली. 1974 मध्ये आलेली वेंगुर्ला-1 ही काजूची जात अणसूरच्या झाडातून निवडलेली, तर 1981 च्या वेंगुर्ला-4 मध्ये वेतोऱ्याच्या झाडाचा वंश आहे. 1997 च्या वेंगुर्ला-7 ची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते; गावठी बी साधारण याच्या निम्मी. ज्या परड्यांतली झाडे निवडली गेली, त्या परड्यांच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या कमअस्सल झाड तोडून चांगले राखले होते. त्यांच्या नजरेचेही हे श्रेय आहे.

पण निवडलेल्या झाडाची हजारो जुळी रोपे करायची कशी? येथेच शेवाळ धंद्यात आले. फांदीला झाडावरच मुळे फुटवण्याची गुटी कलमाची पद्धत देशात जुनी आहे. पूर्वी त्यासाठी चिकणमाती आणि शेण यांचा गोळा बांधत, वरून गोणपाट गुंडाळत आणि वर टांगलेल्या मडक्यातून वातीने थेंब थेंब पाणी देत. विसाव्या शतकाच्या मध्याला पातळ प्लास्टिक आले आणि मातीची जागा मॉसने घेतली. ते मॉस गडग्यावरचे नव्हे, तर हिमालयाच्या आणि मेघालयाच्या थंड, ओल्या उतारांवरचे स्फॅग्नम. त्याच्या पानात जिवंत हिरव्या पेशींच्या मध्ये मोठ्या, मेलेल्या, भोके असलेल्या पोकळ पेशी असतात. त्यांत कोरड्या वजनाच्या सोळा ते वीस पट पाणी साठते, आणि तरीही हवा खेळती राहते. पहिल्या महायुद्धात कापसाची चणचण भासली तेव्हा ब्रिटनमध्ये याच गुणामुळे ते जखमांवर बांधले गेले.

गुटी बांधणारा माणूस पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडतो. चाकूने दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढतो आणि उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडतो. पानांत तयार झालेली साखर आणि वाढीचे संप्रेरक सालीतून खाली उतरत असतात. सालच तुटल्याने ते वरच्या काठावर साचतात आणि तेथे गाठ येते. भिजवून पिळलेले मूठभर मॉस त्या जागी दाबून त्यावर प्लास्टिक गुंडाळतात आणि दोन्ही टोके सुतळीने करकचून बांधतात. लाकडातून वर जाणारे पाणी चालूच असल्याने फांदी सुकत नाही. काही आठवड्यांनी प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळे मॉसमध्ये गुंतलेली दिसू लागतात. मग फांदी खालून कापली की झाले रोप. 1960-70 च्या दशकांत काजूसाठी हीच पद्धत शिफारशीत होती.

तिचा दोष रोप शेतात गेल्यावर कळला. गुटीच्या रोपाला सोटमूळ नसते. फुटतात ती आडवी, उथळ तंतुमुळे. जांभ्याच्या उतारावर मार्च-एप्रिलच्या कोरडीत त्यांना खोलवरचे पाणी मिळेना आणि वादळी वाऱ्यात झाडे कलंडू लागली. शिवाय एका झाडावर गुट्या बांधणार तरी किती, आणि फांदी तोडल्यावर जगणार किती? गुटीने झाड आईसारखे मिळाले, पण आईचे मूळ मिळाले नाही.

म्हणून 1980 च्या दशकात मृदुकाष्ठ कलम पुढे आले. पिशवीत काजूची बी रुजवायची. ती सोटमूळ खाली सोडते. रोप दोन महिन्यांच्या आतबाहेरचे झाले की त्याचा कोवळा शेंडा कापून उभी चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. खुंटाचे मूळ बीचे, वरचे झाड निवडीचे. ही हातोटी सिंधुदुर्गातल्या रोपवाटिकांनी लवकर उचलली. 1990 पासून रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवड सुरू झाली तेव्हा डोंगरउतारांवर गेली ती ही कलमे. सावंतवाडी-बांदा-दोडामार्ग पट्ट्यातल्या काजूच्या सलग बागांचा आणि काजू फोडणाऱ्या कारखान्यांचा पाया त्यात आहे. स्फॅग्नमचे पोते रोपवाटिकेतून हद्दपार झाले नाही. लिंबू, डाळिंब यांच्या गुट्यांसाठी, ऑर्किडच्या टोपल्यांसाठी आणि मनीप्लांटच्या खांबांसाठी ते अजून लागते. काजूसाठी मात्र लागत नाही.

जुन्या काजीच्या खोडावर पावसाळ्यात शेवाळ चढते, त्याने झाडाचे काही बिघडत नाही. ते सालीवर नुसते बसलेले असते, तिच्यातून काही ओढत नाही. झाडाला खरा त्रास बांडगुळाचा होतो. ते फांदीत मुळी घुसवून तिचे पाणी पिते. तरीही बागायतदार कधी कधी दोन्ही एकाच कोयत्याने खरवडतात. गडग्यांची जागा आता सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणे घेत आहेत. सिमेंटमध्ये चुना असतो, त्यामुळे दोन-तीन पावसाळे गेले की ठोकळ्यांच्या सांध्यांतूनही हायोफिलाच्या हिरव्या रेघा उमटू लागतात.